आईच्या भिंतीवरचा रंधा

भूकंपानंतर लातूरच्या आमच्या अंगणात पत्र्याचं शेड उभं राहिलं आणि आई त्यातून हलेचना. तिच्या माहेरी, औशाकडच्या गावात, दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या होत्या. पुढे शिकवणी वर्गांसाठी बाहेरगावची पोरं गल्लीगल्लीत राहायला येऊ लागली, तेव्हा आम्हीही स्लॅबच्या खोल्या बांधल्या. लोकांची लेकरं आमच्या छताखाली बिनघोर झोपायची आणि घरची मालकीण पत्र्याखाली भाजून निघायची. तिच्या उशाशी पालथा तांब्या आणि त्यावर पेला असायचा. जमीन हलली की पेला पडून जाग यावी म्हणून. मला त्या पेल्याचा मनस्वी राग यायचा.

शेवटी तिनं शेड सोडून खोलीत यायला एक अट घातली. तिच्या खोलीची भिंत इतकी गुळगुळीत हवी, की केसाएवढी भेगही लपता कामा नये.

मिस्त्री औशाचे, पिढीजात गवंडी. कामात वाघ आणि तोंडानंही. त्यांनी लोखंडी गुरमाळ्यानं भिंत घोटायला घेतली. आई म्हणायची, "अजून." तेही हट्टाला पेटले. भिंतीत तोंड दिसायचं तेवढं बाकी राहिलं. पण गिलावा वाळला तसं भिंतीवर बारीक रेघांचं जाळं उमटलं. आईनं वळकटी उचलली आणि पुन्हा शेड गाठलं.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंतीवर बोटं फिरवली.

"अक्का, ह्या भेगा न्हाईत. लई घोटलं, सिमिटाची साय वर आली, ती तडकली. आतली भिंत पक्की हाय."

"तुमी म्हणता ते खरं असंल. पण मला रेघ दिसायली."

आता हे भडकणार असं मला वाटलं. त्यांनी छिन्नी घेतली आणि सगळा गिलावा मुकाट्यानं उतरवला. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांना वेगळी जागा आहे.

दुसऱ्यांदा गिलावा चढवून त्यांनी लाकडी रंधा काढला, सुताराचा नव्हे, गिलावा घासायची मुठीची फळी. नवा कोरा होता, तो बाजूला ठेवला. त्याच्या धारदार कडा ओल्या गिलाव्यावर ओरखडे काढतात. वापरून कडा गोल झालेला जुना रंधा बादलीत भिजवला. गिलावा बोटाला चिकटायचा थांबला तसा हात गोल गोल फिरू लागला, खांद्यातून, अगदी सावकाश. सुरुवातीची खरखर हळूहळू मऊ होत गेली. मी चुलीवरचं दूध विसरले, ते उतू गेलं.

आई उंबऱ्यावर बसून ऐकत होती. जन्मभर भिंती सारवलेली बाई ती. एकाएकी म्हणाली, "बास, मिस्त्री. आता थांबा."

मिस्त्री हात थांबवून हसले. "बराबर वळखलं, अक्का." मग खाटेजवळचा तुकडा तसाच सोडून त्यांनी रंधा तिच्या हातात दिला. "हितलं तुमीच करा."

तिनं पदर खोचला आणि केलं. तिचा हात पाहून मिस्त्री नुसते "वा" म्हणाले, आणि ते सहसा कुणाला वा म्हणत नसत.

पाणी मारून झालं, भिंत वाळली. रेघ उठली नाही. तरी आई काही दिवस नुसती येऊन भिंतीवरून तळहात फिरवून जायची. मग एका दुपारी मी खोलीत डोकावले. आई खाटेवर, तिनं घोटलेल्या तुकड्याला पाठ टेकून, गाढ झोपली होती.

उशाशी तांब्या होता. सुलटा, पाण्यानं भरलेला. पेला मांडणीत, बाकीच्या पेल्यांत जाऊन बसला होता.