डब्यातला नमुना

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना अजून नीट उमगलेलं नाही. सूनबाई रक्त तपासते, असं त्या देवपुरातल्या शेजारणींना सांगतात आणि मीही वाद घालत नाही. खरं तर मी शरीराचे तुकडे तपासते. धुळ्याच्या ज्या इस्पितळात मी काम करते तिथं ते औषधाच्या बरणीतून येतात. मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे. पेशंटची आणि माझी गाठ सहसा पडत नाही. माझा स्वभाव बघता ते बरंच आहे.

ते बाळ मात्र लक्षात राहिलं. साक्रीकडच्या एका खेड्यातलं. जन्मल्यापासून त्याला स्वतःहून शी झालेली नव्हती. पोट टम्म फुगायचं, हिरवी उलटी व्हायची, नळीनं पोट धुतलं की तेवढ्यापुरता आराम. जळगावहून ठरलेल्या वारी येणाऱ्या आमच्या लहान मुलांच्या सर्जनना संशय होता की आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नाहीत. अशा आतड्यात स्नायू असतात, पण त्यांना हलवणारं कुणी नसतं, म्हणून तेवढा भाग आवळलेलाच राहतो. तसं असेल तर तो कापून काढायचा आणि वरचं चांगलं आतडं खाली आणून जोडायचं. तसं नसेल तर एवढ्याशा जिवावर सुरी चालवायची नाही. हे ठरणार होतं तुकड्यावरून, म्हणजे माझ्याकडून.

बरणीवरच्या चिठ्ठीवर आईचं नाव आणि पुढे 'बाळ' एवढंच होतं. पोट मोकळं झाल्याशिवाय बारसं करायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलं होतं.

एखादी गोष्ट आहे, हे सांगणं सोपं असतं. दिसली की झालं. नाही म्हणायला मात्र डोळ्यांत तेल घालून शेवटच्या कापापर्यंत बघावं लागतं. त्यात तान्ह्या बाळाच्या चेतापेशी लहान, कच्च्या, शेजारच्या पेशींत सहज लपणाऱ्या. त्या तुकड्यात मला एकही दिसली नाही. पण तुकडा वरवरचा होता. त्या पेशी ज्या थरात सापडतात तो थरच त्यात आला नव्हता. विहिरीत न डोकावता पाणी नाही म्हणणं मला जमत नाही. मी दुसरा तुकडा मागितला. सर्जन वैतागले, मीही आवाज चढवला, आणि शेवटी दुसरा तुकडा आला.

तोवर बाळाचे आजोबा लॅबबाहेरच्या बाकावर मुक्कामालाच आले होते. मी त्यांना नाना म्हणायला लागले. दुसऱ्या तुकड्यात खोल थर पुरा होता, या आजाराची खूण असलेल्या जाडजूड नसा होत्या आणि चेतापेशी खरंच नव्हत्या. मी बाहेर येऊन त्यांना समजावलं. ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "मोटार शे, पन लाईट नही."

मी म्हटलं, अगदी तसंच.

"मंग लाईट कोठे शे ते देखा, ताई."

ऑपरेशनच्या दिवशी नेमकं तेच करायचं होतं. सर्जन खालून वर सरकत आतड्याचा एकेक कण काढून पाठवणार, मी तो शेजारच्या खोलीत गोठवून, कापून, तिथल्या तिथं बघणार, आणि जिथं चेतापेशी नीट दिसतील तिथून ते आतडं खाली जोडणार. पहिल्या कणात काही नव्हतं. पुढच्यात दोन-चार पेशी दिसल्या. सर्जननी निरोप पाठवला की मिळाल्या असतील तर जोडून टाकतो, बाळ फार वेळ भुलीखाली नको. त्यांचं खरं होतं. पण त्या पेशींच्या बाजूला तसल्याच जाड नसा होत्या. तिथं लाईट होती, पण मिणमिणती.

मी दारात जाऊन म्हटलं, "इथं जोडू नका. अजून वर जा."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग आणखी वरचा कण काढून पाठवला. त्या कणात चेतापेशींचे झुपके होते, भरगच्च, ऐटदार. मी हो म्हणाले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाळ बरं होतं, पोट मऊ होतं, पण शी काही होईना. सर्जन म्हणाले, उतावळेपणा नको, होईल. जेवताना माझं लक्ष नसायचं, तेव्हा सासूबाई विचारायच्या, कुणाचं रक्त एवढं वाईट निघालं. मला भीती वाटत होती, तीही साधीसुधी नाही. मी चुकले असेन तर त्या पोराचं पोट पुन्हा फाडावं लागणार होतं.

एका सकाळी नाना लॅबच्या दारात उभे. हातात घासूनपुसून लख्ख केलेला स्टीलचा डबा. मला वाटलं, पेढे. माझ्या मदतनीस बाईंनी चहाचे कप बाजूला सारून जागा केली, मी झाकण उघडलं, आणि आम्ही दोघी मागे सरकलो. आत घडी घातलेला लंगोट होता आणि त्यात बाळाची पिवळीधमक शी.

नाना गंभीर होते. या खोलीत येतं ते तपासायलाच येतं, हे त्यांनी बाकावर बसून पाहिलं होतं. म्हणाले, "आपोआप करी, ताई. तुम्ही देखी ल्या."

हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी मी हातमोजे घातले आणि डबा खिडकीच्या उजेडात नेला. इतके नमुने पाहिले आयुष्यात, पण डोळे भरून आल्यामुळे धड दिसेना, असं तेवढं एकदाच झालं. मदतनीस बाई मुद्दाम पाठ करून उभ्या राहिल्या.

नमुना आला की आधी नाव विचारायचं, ही माझी सवय. मी विचारलं, नाना, नाव काय लिहू?

"नाव आते ठेवसूत," ते म्हणाले, आणि बारशासाठी बाळाच्या आत्याला फोन लावायला बाहेर गेले.