गुळाचा खडा

सुपरवायझर गूळ वरून टाकायचा. आम्ही बायांनी रांगेत उभं राहायचं, ओंजळ पुढं करायची. त्याचं बोट आमच्या हाताला लागता कामा नये. खडा खाली पडला तर उचलून खायचा. आम्ही खायचो.

वालीवला बॅटरीच्या प्लेटांचा कारखाना होता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. शिशाची भुकटी, ॲसिड, पाणी आणि भेगा पडू नयेत म्हणून बारीक तंतू, असं सगळं कालवून लगदा व्हायचा. तो शिशाच्या जाळीत हातानं दाबून भरायचा. हातमोजे नव्हते. मालक म्हणायचा, गुळानं शिसं उतरतं. मोरीचा नळ कायम कोरडा. ऑफिसात माठ होता, पण आम्ही आचोळ्याच्या गावाबाहेरच्या वस्तीतल्या. त्याला शिवायची सोय नव्हती.

शेजारची जनी माझ्या जोडीला होती. पोटुशी होती. एकदा ती म्हणाली, "सायब, हात धुवाला वाइच पानी द्या."

"पाणी लगद्याला लागतं," सुपरवायझर म्हणाला. "तुमच्या हातांना काय धाड भरलीय?"

जनीनं काळ्या हातानंच गूळ खाल्ला. तळवा चाटला. मीही चाटला.

तिला मेलेलं मूल झालं. पापडीच्या दवाखान्यातली नर्स चिडून म्हणाली, "हातावरचं शिसं गुळाबरोबर पोटात घालता तुम्ही!" औषध म्हणून आम्ही विषच खात होतो. आणि मलाही दिवस गेले होते.

जनी कामावर परतली. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्यात काय, वर्षाला एक होतंच." आणि वरून खडा टाकला.

माझं डोकं फिरलं. सरळ ऑफिसात गेले. माठात तांब्या बुडवला आणि दारातच हात धुतले. फरशीवर काळपट पाणी पसरलं.

"माठ बाटवलास, भवाने!" सुपरवायझर मागून ओरडला.

"फोडा मग," मी म्हणाले. जनीला हाक मारली. तिनंही हात धुतले. तिच्यामागून बाकीच्यांनी.

संध्याकाळी मला कामावरून काढलं. नवरा म्हणाला, मालकाचे पाय धर. मी धरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोट घेऊन फाटकात उभी राहिले. कामावर आलेल्या बायांना म्हणाले, "हात धुवायला पाणी आणि रक्ताची तपासणी. तोवर लगद्याला हात लावायचा नाही. जिला आत जायचंय, तिनं मला तुडवून जावं."