कट्ट्यावर सांगितलेला आजार

कसबा बावड्याचा बाळासो तीस वर्षं रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर यायचा. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला थेट त्याच्या हातात द्यायचा. तीन वर्षांपासून मात्र त्याच्या बरगडीखाली आग पडत होती. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, दुर्बीणही घालून झाली. सगळीकडं एकच उत्तर, "काही नाही." घरी पोरगा धैर्यशील म्हणायचा, "आबा, नाटकं बास की आता."

शेवटी तो मानसोपचाराच्या ओपीडीत जाऊन बसला. डॉक्टर निशिगंधांनी जाडजूड फाईल चाळून बाजूला ठेवली. दिवसातला किती वेळ या दुखण्याच्या विचारात जातो, किती वेळा छाती चाचपून बघता, किती डॉक्टर बदलले, असं विचारत बसल्या.

"म्हंजे माझं दुखणं खोटं?" बाळासोनं धसक्यानं विचारलं.

"खोटं कसं? दुखतंय ते खरंच. रिपोर्टात काही निघालं नाही म्हणजे मनाचा आजार, असं निदान करायचे दिवस गेले. दुखण्याच्या धास्तीनं तुमचा सगळा दिवस खाल्लाय, आजार तो आहे. त्यावर उपचार आहेत. या गोळ्या सुरू करा आणि महिन्यानं याच तारखेला परत या."

बाळासोला रडूच फुटलं.

कट्ट्यावर म्हैस आटली, मूळव्याध झाली, पोरीचं लग्न मोडलं, सगळं मोठ्यानंच सांगायची रीत. त्याच संध्याकाळी धार काढता काढता तो ओरडला, "मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझं दुखणं खरं हाय!"

यल्लाप्पा पंधरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. तोंडाशी नेलेला पेला त्यानं खाली ठेवला. "येड्याच्या गोळ्या खातोस व्हय रं? आन् त्याच हातानं धार काढतोस?"

"जपून, म्हशीला चावंल!" मागून कुणीतरी म्हणालं. कट्टा हसला.

आठवड्यात निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या म्हशीकडं वळली. धैर्यशीलनं बापाच्या हातातली बादली काढून घेतली. "तुम्ही घरातच बसा. हार्टचं हाय म्हणून सांगतो मी लोकांस्नी."

त्यानं तसं सांगितलं. गिऱ्हाइकं परत आली. यल्लाप्पा तर शहाळं घेऊन बघायला आला.

गोळ्या धैर्यशीलनं उकिरड्यावर टाकल्या. निशिगंधाबाईंनी दिलेल्या तारखेला बाळासो एका नव्या लॅबमध्ये सदऱ्याची बाही वर करून बसला होता. सुई टोचणाऱ्या पोरीला तो हळूच म्हणाला, "बाई, नीट बघा की. या खेपंला कायतर निघू दे."