आऊटर सिग्नलवरची पंगत

सुधाचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी गच्चीवर वाळवण उलटत होते. "काकू, आई गेली," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिनंच पुढं सांगितलं, "जेवून गेली. वांग्याची भाजी मागून घेतली, हात धुतला, जरा पडते म्हणाली... आणि मग उठलीच नाही." असं ऐकल्यावर माणसानं रडावं की नाही, मला कळेना. मी तशीच ताटलीतल्या मुगवड्यांकडं बघत उभी राहिले. वत्सलाताईंना दुसरं कोणतं मरण शोभलं असतं? भुकेल्या पोटी त्या कुठंच जायला तयार नसायच्या, आणि दुसऱ्यालाही जाऊ द्यायच्या नाहीत. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडून झालं, दिवस झाले, आणि आता सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एका चालत्या-थांबत्या गाडीत एक मोठी लढाई जिंकली होती, आणि ती जिंकताना मी त्यांच्या शेजारी बसले होते.

मी लग्न होऊन भिलाईशेजारच्या चरोद्याला आले ती भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत. माझे यजमान आणि भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, दोघंही रेल्वेच्या यार्डात. आम्ही मूळचे उमरेडकडचे. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढं व्हरांडा, मागं नळ, आणि घरावर राज्य आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. गळ्यात तुळशीची माळ, बाहेरच्या अन्नपाण्याला हात लावायचा नाही, आणि गाडीत तर पाण्याचा घोटही नाही. त्यांचा नियम तो घराचा नियम. "गाडीत चार जातीचे लोक, चार जागचे हात लागलेले. तिथं डबा उघडाचा नाही," त्या सांगायच्या. तरी वत्सलाताईंना त्यांनी नोकरी करू दिली, हे त्यांचं मोठेपण. कारखान्याच्या वसाहतीत नव्या शाळा निघत होत्या, हिंदीतून शिकवू शकतील अशा बायका मिळत नव्हत्या, आणि ताई नागपूरला हिंदीच्या परीक्षा देऊन आल्या होत्या. मी मात्र दुर्गला शिवणाच्या क्लासला जाई. दुपारी परतीच्या शटलमध्ये, म्हणजे जवळपासच्या पॅसेंजरमध्ये, मी दुर्गला बसायची, ताई भिलाईला चढायच्या, आणि आम्ही दोघी जावा बरोबर घरी यायचो.

अंतर काही मोठं नाही. पण कारखान्यासाठी दगड, कोळसा, चुनखडी घेऊन येणाऱ्या मालगाड्यांना आधी वाट मिळायची आणि आमची शटल चरोद्याच्या अलीकडं, आऊटर सिग्नलवर, उभी राहायची. किती वेळ, ते ड्रायव्हरलाही माहीत नसे. बाहेर ना झाड ना सावली, लाल धूळ उडालेली, डब्याचा पत्रा तापलेला. त्या बायकांच्या डब्यात तेव्हा सगळा देश बसलेला असायचा. केरळच्या नर्सा, आंध्राकडच्या बाया, बंगाली मास्तरीण, आमच्यासारख्या नागपूरकडच्या, आणि दाराजवळ खाली फरशीवर, घमेली उलटी घालून, कारखान्यावर माती वाहणाऱ्या छत्तीसगढी रेजा, म्हणजे मजूर बाया. बाकावर जागा असली तरी त्या वर बसत नसत. कोणी त्यांना सांगितलं होतं असं नाही... कोणी बसा म्हटलं नव्हतं, एवढंच. आणि सगळ्या भुकेल्या. ज्यांच्याजवळ डबा असे त्या तोंड खिडकीकडं करून, पदराआड, चोरी केल्यासारख्या दोन घास गिळायच्या. एलिअम्मा नावाची नर्स तर मासळीचा वास येईल म्हणून डबा तसाच घरी परत न्यायची.

त्या उन्हाळ्यात ताईंना पाचवा महिना होता. आधी दोनदा दिवस जाऊन टिकले नव्हते, त्यामुळं घरात सगळे श्वास रोखून होते. सकाळची शाळा, पहाटे घेतलेला चहा, आणि भर दुपारी गाडी आऊटरवर उभी. ताईंचा चेहरा पांढरा पडत चालला होता. "ताई, काय होऊन राहिलं?" मी विचारलं. "काही नाही वं," असं म्हणता म्हणता त्यांनी मान माझ्या खांद्यावर टाकली आणि त्या सैल पडल्या. माझ्याजवळ ना पाणी, ना गुळाचा खडा. मी ओरडले. तेव्हा दाराजवळची एक रेजा उठली. तिचं नाव सुकवारो, हे नंतर कळलं. तिनं ॲल्युमिनियमच्या गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, पाणी ताईंच्या ओठांना लावलं. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवतात, त्याला तिकडं बासी म्हणतात, त्याचंच ते आंबूस गार पाणी. "पी ले बहिनी, पेट जुड़ाही," ती म्हणत होती. पोटाला थंडावा येईल, पी.

ताईंनी डोळे उघडले. समोर आमच्याच कॉलनीतल्या पाटणेबाई बसल्या होत्या, कारखान्याच्या ऑफिसात कारकून. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "वत्सला, नोको घेऊ वं! आता गाडी सुटंन, घरी जाऊन जेवजो." ताईंनी त्यांच्याकडं पाहिलं, सुकवारोकडं पाहिलं, आणि गंज दोन्ही हातांनी धरला. पाणी प्यायल्या. मग त्यातला भात खाल्ला. सुकवारोनं पदराच्या गाठीतून कांदा काढून मुठीनं फोडून दिला, तोही खाल्ला. ताईंच्या गालावर रंग परत येताना मी पाहिला. ती बासी सुकवारोचं स्वतःचं जेवण होतं, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा गंज रिकामा झाला होता.

पाटणेबाई भरभर पुढं गेल्या, आणि आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. आत्याबाई ओरडल्या नाहीत, त्यांना ओरडायची सवयच नव्हती. "आजपासून तुझं ताट व्हरांड्यात. स्वैपाकघरात येऊ नोको," एवढंच म्हणाल्या. भासरे खाली मान घालून उभे. ताई शांतपणे म्हणाल्या, "आत्याबाई, तुमचं घर, तुमचा नियम. मी व्हरांड्यात जेवीन. पन मी ते खाल्लं नसतं तं लेकरू उपाशी राहिलं असतं. उद्यापासून मी डबा नेईन, आन् गाडीत उघडीन. तुमच्यापासून लपवून करनार नाही, म्हनून सांगून राहिली." दुसऱ्या दिवशी डबा मी भरला, आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत. त्यांनी एकदा पाहिलं आणि जपमाळ हातात घेतली.

त्या डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या होत्या, आणि अर्ध्या सुकवारोच्या होत्या. गाडी आऊटरवर थांबली तशी ताईंनी हाक मारली, "सुकवारो, वर बस, इकडं ये." ती हसली, मान हलवली, पण जागची उठेना. ताईंनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. पोट सावरत त्या उठल्या आणि तिच्याशेजारी फरशीवर जाऊन बसल्या. डब्यात एकच गलका झाला. सुकवारो तर घाबरीच झाली. "ए दाई, उठ, उठ!" असं, आईला म्हणावं तसं, म्हणत तिनं ताईंना काखेत धरून उठवलं, पण ताई तिला सोडून बाकावर बसायला तयार नाहीत. शेवटी दोघीही बाकावर बसल्या. पाटणेबाई ताडकन उठल्या. "मग आमी कुठं बसाचं?" त्यांनी विचारलं. "जागा आहे ना इथं, बसा," ताई म्हणाल्या. पाटणेबाई चरोद्यापर्यंत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी उभ्या, तिसऱ्या दिवशीही उभ्या. रोज ताई त्यांच्यासमोर डबा धरायच्या, "घेता का पाटणेबाई?" आणि रोज त्या खिडकीबाहेर पाहायच्या.

पण बाकीच्या डब्यांची झाकणं एकेक करून उघडू लागली. आधी बंगाली मास्तरणीचे मुरमुरे, मग इडल्या, मग एके दिवशी एलिअम्मानं ताईंकडं पाहिलं, ताईंनी मान डोलावली, आणि मासळीचा डबा उघडला. तिनं आपणहून वास बाहेर जाईल अशी खिडकी पकडली. कोणी काही ठरवलं नाही, तरी एक रीत पडत गेली. डबा उघडला की आधी आजूबाजूला विचारायचं. कोणी नको म्हटलं तर आग्रह करायचा नाही. दुसरीच्या घासाला नाक मुरडायचं नाही, की तिच्या डब्यात डोकावायचं नाही. सालं, पानं आपल्याच पिशवीत. आणि ज्यांच्याजवळ काही नाही, त्यांच्यासमोर एकटीनं खायचं नाही. ताई या सगळ्याबद्दल भाषण कधीच देत नसत. त्या फक्त आधी विचारायच्या, मग खायच्या. हळूहळू सगळ्या त्यांच्या विचारण्याची वाट पाहू लागल्या. ताईंचं झाकण वाजलं की पंगत सुरू.

आणि मग आत्याबाई त्या गाडीत बसल्या. त्यांना मोतीबिंदू झाला होता, दुर्गला डोळ्यांचा डॉक्टर पाहायला मी त्यांना घेऊन गेले होते. येताना तीच दुपारची शटल. भिलाईला ताई चढल्या, सासूला पाहून पदर सारखा केला, आणि समोर बसल्या. गाडी आऊटरवर थांबली. ताईंनी डबा मांडीवर घेतला, पण झाकणाला हात लावला नाही. वडीलधाऱ्या बाईसमोर कसं उघडणार? आणि ताईंनी उघडला नाही म्हणून कोणीच उघडला नाही. साऱ्या डब्यात बायका आपापली भूक मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या. मालगाडी शेजारून धडधडत होती, ती काही संपेना.

आत्याबाईंना नीट दिसत नव्हतं, पण त्यांना ती शांतता ऐकू आली असावी. त्या माझ्याकडं झुकून म्हणाल्या, "ह्या बाया कावून अशा गुपचूप बसून राहिल्या वं?" मी खरं तेच सांगितलं, "रोज ह्या वेळी जेवतात, आत्याबाई. आज तुम्ही आहात म्हणून थांबल्यात." "माह्यामुळं?" त्या म्हणाल्या. "माह्यामुळं एवढ्या लेकी उपाशी?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. उमरेडला शेतावर असताना शेवटचा गडी जेवल्याशिवाय या बाईनं तोंडात घास घातलेला नव्हता, हे आम्ही कितीदा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं...

त्यांनी हात पुढं केला. "वत्सले, डबा दे इकडं." ताईंनी दिला. मला वाटलं, आता खिडकीबाहेर जाईल. आत्याबाई उठल्या. एका हातानं माझा खांदा धरला, डबा मला धरायला लावला, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी वाढायला सुरुवात केली. पहिली उभी होती ती पाटणेबाई. "घे बाई, थकली असशीन," म्हणून त्यांच्या हातावर भाकरीचा तुकडा आणि झुणका ठेवला. पाटणेबाईंनी घेतला. काय करतील? घराघरात जिच्या सोवळ्याचं उदाहरण त्या देत होत्या, तीच वाढत होती. मग एलिअम्मा, मग मास्तरीण. शेवटी सुकवारो. तिनं आपला हात मागं घेतला, पदर पसरला, वरून टाका अशा खुणेनं. आत्याबाईंना धूसर दिसत होतं, तरी ते त्यांना दिसलं. त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला, उलटा होता तो सरळ केला, आणि त्यावर भाकरी ठेवून तिची बोटं मिटवली. "खा वं माय," त्या म्हणाल्या. "माह्या सुनेले तू जेवू घातलं." मग वत्सलाताईंकडं वळून, "आन् तू कावून बसून राहिली? पोटातलं थांबते का तुह्यासाठी?" त्यांनी स्वतः एक घासही घेतला नाही. माळ त्यांनी शेवटपर्यंत पाळली. पण त्या दिवशी सारा डबा जेवला, आणि मालगाडी कधी गेली, शटल कधी सुटली, हे कोणाला कळलंच नाही. पाटणेबाईंनी सुकवारोच्या शेजारी बसून घास संपवला. घरी आल्यावर मी सवयीनं ताईंचं ताट व्हरांड्याकडं नेऊ लागले तर आतून आवाज आला, "तिकडं कुठं चालली? अंदर आन."

पावसाळा सरता सरता सुधा झाली. गुटगुटीत, मोठ्या आवाजाची. बारशाला अर्धी शटल आमच्या अंगणात उतरली होती, आणि आत्याबाईंनी सगळ्यांचे पाट एकाच ओळीत मांडायला लावले. पुढच्या उन्हाळ्यात तर त्यांनी सुकवारोला बोलावून विचारलं, "तो तुमचा पान्यातला भात कसा करता वं?" आणि मग स्वतःच्या हातानं, स्वतःच्या भांड्यात, रोज करू लागल्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, "माह्या माहेरची चीज हाये." ताई तोंडाला पदर लावून हसायच्या.

पुढं ताई मुख्याध्यापिका झाल्या, भिलाईतल्या कोहक्यात सुधानं घर बांधलं तिथं राहायला गेल्या. दिवसांना मी तिथं होते. त्या घरात शिरलं की पहिल्याच खोलीत, दाराला लागून, जेवणाचं टेबल आहे. घर बांधणाऱ्यानं ते आत मांडायला सांगितलं होतं. ताईंनी ऐकलं नव्हतं. "अंदर ठेवून कोनाले विचारू?" म्हणाल्या होत्या. मी निघायच्या दिवशी दुपारी गॅसचा सिलिंडर घेऊन एक तरणा माणूस आला. सिलिंडर आत ठेवला, अंगणातल्या नळावर हात धुतले, आणि सवयीनं खुर्ची ओढून टेबलाशी बसला. त्याला काहीच माहीत नव्हतं. "अम्मा कहाँ हैं, दीदी?" त्यानं विचारलं.

सुधानं माझ्याकडं पाहिलं. मग ताट घेतलं, भात वाढला, वरण वाढलं, लिंबाची फोड ठेवली.

"पहले खा लो," ती म्हणाली. "फिर बताती हूँ."