उसवलेल्या शिवणीची कॉफी

अकोल्याच्या बाजारात कॉफीच्या बिया दाढेखाली फोडून मगच विकत घेणारी बाई एकच होती, आणि ती माझी पत्नी होती. दुकानदार डब्याचे झाकण काढी. ती चार बिया तळहातावर घेई, त्यांवर तोंडाची वाफ सोडी, वास घेई आणि मग एक बी दाढेखाली धरी. कोरडा, कट्कन आवाज आला तर मान हलवी. बी नुसती दबली तर उरलेल्या तीन डब्यात परत टाकी.

"बाई, चावून चावूनच माहा डबा अर्धा कराल तुमी," दुकानदार म्हणे.

"अर्धा तं तसाच मेला हाये. दिवाळीच्या आंधी भाजला, का मांगच्या दिवाळीच्या?"

"साहेब, कोर्टात तुमच्या जागी या बाईले बसवा."

मी पिशवी धरून मागे उभा असे. जिल्हा न्यायालयात कारकून असलेल्या माणसाला ही थट्टा रुचायला हवी होती, पण मला राग येई. तिच्यावर नव्हे, त्या डब्यावर. डब्यावर 'ताजी कॉफी' असे लिहिलेले होते. ताजी म्हणजे केव्हाची, हे लिहिण्याचे बंधन विकणाऱ्यावर का नसावे, या विषयावर मी नगरपालिकेला दोन पत्रे लिहिली होती. उत्तर आले नाही.

दाताखाली धरून पाहण्याची ही रीत तिच्या माहेरची. भातकुलीजवळच्या तिच्या घरी तूर किंवा हरभरा पोत्यात भरण्यापूर्वी दाणा चावून पाहत. दाणा वाळला की नाही, हे दाताला कळते, डोळ्याला कळत नाही, असा तिथला अनुभव. ती पारख तिने कॉफीला लावली ती अमरावतीत. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आम्ही तिथे कॅम्प भागात दोन खोल्यांत राहत होतो. शेजारी दक्षिणेकडचे एक इंजिनियर कुटुंबासह राहत. त्यांच्या पत्नी दर रविवारी लोखंडी कढईत हिरवट बिया भाजत. त्यांना मराठी येत नसे, हिला त्यांची भाषा येत नसे. दोघी कढईशेजारी बसून बिया एकमेकींच्या हातावर ठेवीत आणि माना हलवीत. एवढ्यावर ही सर्व शिकली: दळलेली पूड घेऊ नये, कारण पुडीत चिकोरी किती आणि कॉफी किती ते सांगता येत नाही, अख्खी बी खोटे बोलू शकत नाही, आणि भाजल्यानंतर पंधरवडा उलटला की बीमधला जीव जातो. माझी अकोल्याला बदली झाली तेव्हा त्या बाईंनी हिला टेबलाच्या कडेला बसवायची एक हातगिरणी आणि पितळी फिल्टर दिला. आम्ही जठारपेठेत बिऱ्हाड केले.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला खात्याच्या परीक्षेसाठी मला नागपूरला जावे लागले. तीही आली. परीक्षा संपल्यावर आम्ही एका कॉफीगृहात शिरलो. तिथे चकचकीत धातूचे एक यंत्र होते; त्यावर इंग्रजीत 'एस्प्रेसो' असे लिहिलेले होते आणि त्यातून इंजिनासारखी वाफ निघत होती. लहान पेल्यात घट्ट, काळी कॉफी पडली, वर वाफेने फुगवलेले दूध आले. तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. आवडली नाही की काय, म्हणून मी तिच्याकडे पाहिले. ती उठून थेट यंत्रापाशी गेली होती.

"भाऊ, याच्यात बिया कोनत्या टाकता?"

"बाई, पीना है के पूछना है?"

"पेऊन झालं. आता इचारून राहिली."

तो माणूस हसला आणि त्याने तिला गल्ल्यामागे नेऊन पोते दाखवले. यंत्राच्या कॉफीला बिया गडद भाजलेल्या लागतात, कारण फिकट बी दुधात बुडून जाते. पण तेल सुटून चिकट झालेल्या नकोत. ते तेल आठ दिवसांत खवट होते. शिवाय एकाच जातीच्या बियांवर भागत नाही. एक जात वासासाठी, दुसरी, जरा कडवट, अंगासाठी, म्हणजे दाटपणासाठी, आणि फेसासाठी. शेजारच्या गल्लीतला एक भाजणारा त्यांना बिया पुरवतो, हेही त्याने सांगितले. ती परतली तेव्हा माझी कॉफी निवली होती आणि तिच्या पदरात दोन प्रकारच्या बिया बांधलेल्या होत्या.

घरी यंत्र नव्हते. तिने गिरणीचा दात आवळून पूड मैद्यासारखी काढली, फिल्टरमध्ये ती वाटीच्या बुडाने दाबून बसवली आणि त्यावर उकळते पाणी थेंबाथेंबाने सोडले. दूध तापवून रवीने घुसळले. रवी उभ्या पातेल्यात तिरपी धरली की फेस दाट येतो, हा तिचा स्वतःचा शोध. बियांचे प्रमाण ठरवायला तिला पूर्ण हिवाळा लागला. रोज सकाळी ती पेला माझ्यापुढे ठेवी आणि माझ्या तोंडाकडे बघत बसे. मी म्हणे, "ठीक आहे." ती म्हणे, "ठीक म्हंजे नापास." शेवटी वासाच्या तीन वाट्या आणि अंगाची एक, असे ठरले. त्या दिवशी मी दुसरा पेला मागितला. तिने तो दिला नाही. उद्याच्या भरवशावर ठेवला.

तीनेक वर्षे ती कॉफी आमच्या घरात चालली. दर महिन्याला नागपूरच्या त्या भाजणाऱ्याकडून एक खासगी मोटार कंपनी पार्सल आणी.

मग तिचे अन्न सुटले. आधी भाकरी, मग वरण, मग नुसत्या दुधाचासुद्धा वास नको झाला. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी तिला तपासले, मला बाहेर बोलावले आणि म्हणाले, "यांना आता जे खावंसं वाटेल ते द्या." आयुष्यभर कायद्याची वाक्ये वाचणाऱ्या माणसाला या एका वाक्याचा अर्थ लागला नाही. मी ती सवलत समजलो. आत येऊन मी तिला आनंदाने सांगितले की पथ्य उठले. तिने तोंड भिंतीकडे वळवले. ती समजली होती.

"मंग कॉफी पेतो," ती म्हणाली. "त्याचाच वास सोसते आता. नवीन भाजून मांगवा. दोन्ही बिया. जुनं काई नोको."

मी पत्र लिहायला बसलो. ती पडल्या पडल्या सांगत होती: बी अख्खी, भाजून चार दिवसांच्या आतली, गडद पण तेल न सुटलेली, दोन जाती वेगळ्या पुड्यांत. तिने चार गोष्टी सांगितल्या. मी त्यांची सात कलमे केली. सातवे कलम माझे होते: पार्सल सुस्थितीत, शिवण व लाखेची मोहोर अभंग असल्याखेरीज स्वीकारले जाणार नाही. ते कलम मी तिला वाचून दाखवले नाही.

सहाव्या दिवशी सकाळी कंपनीचा हमाल हातगाडी घेऊन दारात आला. महिन्याच्या महिन्याला येणारा तोच माणूस. त्याने कापडात शिवलेले पार्सल उंबऱ्यावर ठेवले. एका अंगाची शिवण चार बोटे उसवलेली होती, मोहोर फुटलेली होती आणि उसवलेल्या जागेतून दोन बिया पायरीवर पडल्या. वास घरभर गेला. आतून ती म्हणाली, "आली वाटते."

मी पावती वाचली. त्यावर छापलेले होते: 'माल सुस्थितीत मिळाला.' त्याखाली सही करायची.

"हे खोडून 'फाटक्या स्थितीत' असं लिहितो," मी म्हणालो.

"साहेब, पावतीवर खोडाखोड चालत नाई. मले मॅनेजर ठेवन नाई. सही करा न घेऊन घ्या. दोन-चार दानेच सांडले असतीन."

"सही केली की हक्क गेला."

"हक्काले काय करता, साहेब? बाई बिमार हाये म्हनता ना."

आतून तिचा आवाज आला. "अवो, काहून भांडता त्याच्यासंगं? सांडले तं सांडले. घ्या."

मी घेतले नाही. 'माल सुस्थितीत मिळाला' या तीन शब्दांखाली सही करून, मग न्यायालयात डोळे पुसत उभी राहिलेली माणसे मी रोज पाहत होतो. आक्षेप नोंदवल्याशिवाय सही करायची नाही, हे माझ्या अंगात इतके भिनले होते, की त्या सकाळी ते मला शहाणपण वाटलेसुद्धा नाही. श्वास घेण्यासारखे वाटले. मी पार्सल परत गाडीवर ठेवायला लावले. पंचांसमोर उघडून, वजन करून ताबा द्यावा, असा अर्ज त्याच दुपारी कंपनीच्या गोदामात दिला आणि पोच घेतली.

गोदामाने कळवले की असा ताबा फक्त अमरावतीचा अधिकारी देऊ शकतो. मी अमरावतीला लिहिले. अमरावतीने विचारले, माल पाठवणाऱ्याची संमती आहे काय. मी नागपूरला लिहिले. प्रत्येक पत्राची नक्कल मी जपून ठेवली. ती पत्रे आजही माझ्याजवळ आहेत, आणि त्यांतल्या एकाही वाक्यात चूक काढता येत नाही, याचा मला जो संताप येतो तो कोणत्याही कंपनीवर मला कधी आला नाही.

ती रोज विचारी. पहिले काही दिवस कॉफीविषयी. "कुठं अडलं?" मी सांगे. एकदा म्हणाली, "दुसरी मांगवा ना मंग. तेथं राहू द्या ते." मी तिला समजावले की दुसरी मागवणे म्हणजे पहिलीवरचा दावा आपणच सोडणे. तिने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "बरं. तुमाले समजते." त्यानंतर ती फक्त माझ्या पत्राविषयी विचारू लागली. "आज लेहलं का? काय लेहलं, वाचून दाखवा." मी वाची, ती डोळे मिटून ऐके. मला वाटे, तिला माझी बाजू पटली. ती माझ्या आवाजासाठी ऐकत होती, हे कळायला मला फार वर्षे लागली.

सतराव्या दिवशी अमरावतीचा अधिकारी आला. पंच झाले, वजन झाले. एकवीस तोळे माल कमी भरला. पंचनाम्यावर सह्या होऊन पार्सल माझ्या ताब्यात मिळाले. मी ते छातीशी धरून जठारपेठेपर्यंत चालत आलो. खोटे कशाला लिहू, मी जिंकल्यासारखा चालत होतो.

मी बिया तिच्या तळहातावर ठेवल्या. त्या हाताला आता वजनच नव्हते. तिने हात नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि म्हणाली, "चांगल्या हायेत." दाढेखाली धरली नाही. मी गिरणी फिरवली, पाणी उकळले, दूध घुसळले. फेस मला तिच्यासारखा आला नाही. पेला तिच्या ओठांना लावण्यापूर्वी मी एक घोट घेऊन पाहिला. कॉफीला ओल्या पुठ्ठ्याची चव होती. गोदामातल्या दमटपणात, फाटक्या कापडात सतरा दिवस पडलेल्या बियांची जी होणार ती.

"कशी झाली?" तिने विचारले.

"ठीक आहे," मी म्हणालो.

ती किंचित हसली आणि तिने तीन घोट घेतले. एवढे तिने चार दिवसांत काही घेतले नव्हते. मग पेला सरकवून म्हणाली, "बाकीची तुमी पेऊन घ्या. वाया नोको जाऊ द्या." मी तिच्यासमोर संपूर्ण प्यालो. त्या रविवारी ती गेली.

तेराव्यानंतर कंपनीचे पत्र आले. तक्रार मान्य, दिलगिरी व्यक्त, पुढील महिन्याचे पार्सल विनाशुल्क. सोबत एक छापील कागद होता: तक्रारदाराचे समाधान झाले किंवा कसे. मी त्यापुढे 'झाले' असे लिहिले, कारण तक्रारीत जे मागितले होते ते सर्व मिळाले होते. तो कागद द्यायला मी स्वतः गोदामात गेलो. हमाल गाडीला टेकून उभा होता. त्याने डोक्याचा पंचा काढून हातात घेतला.

"बाई गेल्या म्हने," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"साहेब, एक इचारू? त्या दिवशी मी तुमचं आयकलंच नसतं, अन् पार्सल तसंच उंबऱ्यावर टाकून पळालो असतो, तं काय केलं असतं तुमी?"

"तुझ्याविरुद्ध तक्रार केली असती."

"तेच म्हनतो मी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माह्यावर केली असती तं चाललं असतं ना, साहेब."