मायचा ओटा

बाबा निवृत्त झाले आणि चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीतलं क्वार्टर आम्हाला सोडावं लागलं. जायचं कुठे, तर आंधळगावच्या पुढे असलेल्या आमच्या जुन्या घरात. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी माळा, त्यावर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. बरीच वर्षं कुलूप लागलेलं होतं, त्यामुळे कवेलू सरकले होते आणि माळ्याची लाकडं जागोजागी कुजली होती. बाबांना ते सगळं स्वतःच्या हातानं नीट करायचं होतं, शिवाय मागच्या अंगाला एक स्वयंपाकघर वाढवायचं होतं. ते मायसाठी. क्वार्टरमध्ये तिनं जन्मभर जमिनीवर बसून रांधलं. आता तिला उभं राहून रांधायचं होतं. ओटा हवा होता आणि ओट्यासमोर खिडकी. नवऱ्याकडे तिनं एवढी एकच गोष्ट मागितली असावी. म्हणून मीही भंडाऱ्याची दुकानातली नोकरी सांभाळून दर रविवारी बसनं यायची आणि विटा उचलायची.

"गवंडी लावा," असं मी म्हणाले की बाबांचं उत्तर ठरलेलं. "जमिनीच्या खाली जन्म काढला मी. हे एवढंसं घर मले होत नाही का?" झालं, पुढे बोलायची सोयच नाही. हट्टीपणात मी त्यांचीच मुलगी, पण त्यांच्यापुढे माझं काही चालत नसे.

घराकडे ते खाण असल्यासारखंच बघत. आत शिरले की पहिली नजर वर. माळ्याच्या एकेका लाकडावर सब्बलीचं, म्हणजे लोखंडी पहारीचं, टोक ठोकायचे आणि कान द्यायचे. आवाज खणखणीत आला तर पुढे, भद्द आला तर लगेच खाली लाकडी बल्लीचा टेकू. माजघरात इतक्या बल्ल्या उभ्या झाल्या की माय हातात ताट घेऊन त्यांच्यातून वाकडीतिकडी वाट काढायची. "घरात चालून राहिली मी का जंगलात?" असं म्हणायची. बाबा हसायचे नाहीत. माणसाला मारतं ते वरून येतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. खाणीत त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणंही कठीण होतं.

स्वयंपाकघराच्या विटा मातीत बसवायच्या होत्या. त्यासाठी गाऱ्याचा खड्डा बाबांनी जुन्या भिंतीला लागूनच खणला, बाहेरच्या बाजूनं. दूर खणला असता तर प्रत्येक घमेलं अंगण ओलांडून आणावं लागलं असतं, आणि त्यांचा दम आता पुरत नव्हता. माती टाकायची, धानाची तणस टाकायची, पाणी सोडायचं, रात्रभर भिजू द्यायचं आणि सकाळी तुडवायचं. तुडवायला माय. लुगडं खोचून ती त्यात उतरायची आणि तुडवता तुडवता मला सांगायची, डबे कुठे राहतील, पाण्याची गुंडी कुठे राहील, खिडकीतून बाहेरचं कडुनिंब दिसेल. इतकी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं. पूर्ण उन्हाळा त्या खड्ड्यातलं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत होतं, आणि बाबा वर बघत होते.

नव्या भिंती उभ्या झाल्या. काळ्या फरशीचा ओटाही झाला. आता माजघरातून तिकडे जायला जुन्या भिंतीत दार पाडायचं तेवढं राहिलं होतं. त्या रविवारी बाबांनी माळ्याला आणखी टेकू दिले, पुन्हा सगळं ठोकून पाहिलं आणि सब्बल हातात घेतली. मायला ते बघायचंच होतं. ती माजघराच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"मधात काहून उभी आहेस?" बाबा ओरडले. "वरतून काही आलं तं? भिंतीले लागून बस."

ती गेली आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पाठ टेकून बसली. तिच्या पाठीमागे, बाहेर, तो खड्डा होता.

थोडे घाव बसले आणि भिंतीला आरपार भोक पडलं. पलीकडच्या खिडकीचा उजेड माजघरात आला. "आला उजेड," माय म्हणाली. मग तिच्या बाजूची भिंत बुडातून सुटली आणि आत कलंडली. माळा जागचा हलला नाही. बाबा सब्बल टाकून दोन्ही हातांनी माती उपसत होते आणि मधूनमधून, सवयीनं, मान वर करून बघत होते.

मायचा खुबा मोडला होता. दवाखान्यात जो कोणी भेटायला येईल त्याला बाबा सांगायचे, "छत पक्कं होतं. एक कवेलू नाही पडला." ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. "छताचं कोण विचारून राहिलं बाबा? तुम्हीच तिले तिथं बसवलं." वऱ्हांड्यातली माणसं वळून बघू लागली. बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पडलेली भिंत त्यांनी एकट्यानं पुन्हा उचलली, दार बसवलं, स्वयंपाकघर पूर्ण केलं. माय आता चालत नाही. तिची खाट माजघरात आहे आणि तिथून दारातून ओटा दिसतो. बाबा ओट्यापाशी उभे राहून रांधतात. जन्मात त्यांनी चहा केला नव्हता, त्यामुळे एकेक गोष्ट तिला विचारतात. पाणी किती, मीठ कधी, वरणात हळद आधी का मागून. ती डोळे मिटून उत्तर देते. असंच का होईना, दोघांचं जमून जाईल असं मी धरून चालले होते.

मागच्या रविवारी मी तिचे पाय चेपत बसले होते. बाबांनी भाताचं झाकण काढलं आणि तिथूनच विचारलं, "आता उतरवू का?"

त्यांनी पुन्हा विचारलं.

"मले नका विचारू," ती म्हणाली. "तुमचं घर आहे, तुम्हीच पाहा."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. बाबा झाकण हातात घेऊन तसेच उभे राहिले, मग त्यांनी गॅस बंद केला. भात कच्चा होता. आम्ही तिघांनी तो खाल्ला.