आमच्यात म्हणजे कोणात?

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यार्थ्यांनी भरून आणलेले सर्वेक्षणाचे फॉर्म तपासत होते. महिना झाला... अजून खरं वाटत नाही.

ताई राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका. माणूस मत देताना कोणाचं ऐकतो, हे शोधत त्यांनी ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा मुलूख पायाखाली घातला. त्यांच्या हाताखालचं माझं पहिलं सर्वेक्षण ठाकुर्लीच्या चाळींतलं. "मत कोणाला द्यायचं, कसं ठरवता?" विचारलं की बायका म्हणायच्या, "आमच्यात ठरतं." आता 'आमच्यात हे चालत नाही', 'आमच्यात असंच करतात' ऐकतच मी मोठी झालेली. मी शहाणीने धडाधड 'जात' या चौकटीत खुणा केल्या आणि ऐटीत फॉर्म नेऊन दिले.

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "आमच्यात म्हणजे कोणात, विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं, ताई?"

"अगं, मग गेलीस कशाला? घरी बसूनच भरायचेस की!"

असा राग आला म्हणून सांगू! अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, उशीर झाला तर पुढचं काम हातचं जाणार होतं. तरी ताई मला घेऊन पुन्हा दारोदार फिरल्या. पहिल्याच दारात लताबाई खो खो हसल्या. "जात कुठून काढलीस गं? आमच्यात म्हणजे आम्ही पापड लाटणाऱ्या! लाटता लाटता भांडतो, मग ठरतं. आमच्या ह्यांना कळत पण नाय." त्या लाटणाऱ्यांत सगळ्या जातींच्या बायका होत्या. मी मुकाट्याने खुणा खोडत बसले.

पुढचं काम गेलंच. ताई म्हणाल्या, "जाऊ दे. काम दुसरं मिळेल. त्यांच्या तोंडी आपण खोटं घातलं असतं, ते कसं परत घेतलं असतं?"

परवा डोंबिवलीला ताईंच्या घरी भेटायला गेले, तर लताबाई आधीच येऊन बसलेल्या. ताईंच्या एका आत्यांनी विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?" डोळे पुसत लताबाई म्हणाल्या, "बाई आमच्यातल्या होत्या."

ठाकुर्लीच्या त्या फेरीनंतर फॉर्मवर 'जात'च्या चौकटीखाली ताईंनी पेनाने एक ओळ आखली होती, 'म्हणजे कोण?' ती आम्ही अजून छापतो. काल एक विद्यार्थिनी फॉर्म घेऊन आली. ती ओळ कोरीच. मी चष्मा कपाळावर चढवला... पोरीने जीभ चावली, फॉर्म उचलला आणि "आलेच हं मॅडम, विचारून येते," म्हणत चपला घातल्या.